पाळणाघरातलं बाल्कनीचं काचेचं दार, काय करू?

पाळणाघर_मानपाडा:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात मानपाड्याला राहते, घरीच छोटं पाळणाघर चालवते, सहा वर्षं झाली. सध्या सात मुलं आहेत, सगळ्यात लहान सव्वा वर्षाची आणि मोठा साडेचार वर्षांचा, मदतीला एक ताई असतात दिवसभर. घर भाड्याचं, टू बीएचके, दुसरा मजला. हॉलला बाल्कनीकडे मोठं स्लायडिंग दार आहे, जमिनीपासून वरपर्यंत अख्खी काच, मध्ये कुठेही आडवी पट्टी नाही. प्लगना झाकणं लावली, टीपॉयची काच पहिल्याच वर्षी काढून प्लायवूड बसवलं, फिनाइल वरच्या कप्प्यात, पण या दाराकडे सहा वर्षांत माझं लक्षच गेलं नाही, ते रोज डोळ्यांसमोर असूनही.

गुरुवारी ताईंनी दार वर्तमानपत्राने घासून लख्ख पुसलं होतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला खाली गेटवर एकाच्या बाबांची बाइक आली, तिचा आवाज त्याला पाठ आहे, साडेतीन वर्षांचा आहे, आणि तो "बाबा" म्हणत पॅसेजमधून जो सुटला तो सरळ काचेवर. त्याला वाटलं दार उघडं आहे. धाडकन आवाज झाला, अख्खं दार थरथरलं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात चुरमुऱ्यांच्या वाट्या हातात घेऊन तशीच उभी. काच फुटली नाही. कपाळाला टेंगूळ आलं, बर्फ लावला, बाबा वर आल्यावर त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, त्यांनी समजून घेतलं, डॉक्टरांना दाखवून आले, तो ठीक आहे.

मुलं गेल्यावर मी काचेजवळ बसले तेव्हा दिसलं. मधोमध कपाळाचा गोल तेलकट ठसा आणि दोन्ही बाजूंना दोन तळवे, बोटं पसरलेली. म्हणजे शेवटच्या क्षणी त्याने हात पुढे केले होते. ती काच फुटली असती तर ते दोन्ही हात आरपार गेले असते, हे डोक्यातून जातच नाहीये, दोन रात्री झोप नाही.

घरमालकांना फोन केला तर म्हणाले पाच एमएमची चांगली जाड काच आहे, वीस वर्षांत साधा तडा गेला नाही, तुम्ही उगाच घाबरताय. मला विचारायचंय की ही काच सुरक्षित आहे का हे ओळखायचं कसं, त्यावर फिल्म लावतात म्हणे ती खरंच कामाची आहे का, की काचच बदलायची, की आतून ग्रिल लावून टाकायचं, आणि भाड्याच्या घरात यातलं काय करता येईल. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

दोन_पिल्लांची_आई:

बापरे, वाचतानाच पोटात गोळा आला. पण ताई, तुम्ही त्याच्या बाबांना लगेच खरं सांगितलंत ना, त्याबद्दल एक आई म्हणून मनापासून धन्यवाद. माझी मोठी आधी जिथे जायची तिथे तिच्या हनुवटीला खोक पडली होती आणि आम्हाला सांगितलं "कुठे लागलं कळलंच नाही", त्या दिवशी माझा विश्वास उडाला तो उडालाच.

काचेवर स्टिकर लावा आजच्या आज. मुलांच्या उंचीला. मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावून उपयोग नाही, त्या बिचाऱ्यांना ते दिसतच नाही.

ऐरोलीकर:

पाच एमएम असेल तर तशी ठीक आहे हो, चार एमएम असती तर काळजी होती. फार तर आहे तीच काच काढून टफन करून आणायची, टफन करणारे असतात भिवंडी तळोजा साइडला, आणि परत बसवायची. नवीन काचेचे पैसे वाचतील.

काचवाला_कळवा:

मी अठरा वर्षं ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करतोय, कळवा खारेगाव ठाणे ऐरोली पट्ट्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐरोलीकर दादा, बसवलेली जुनी काच काढून टफन करायच्या फंदात पडू नका, असं काम मी तरी केलेलं नाही. टफन होते कशी ते सांगतो. कारखान्यात आधी काच मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडायची असतील तर पाडतात, आणि मग ती भट्टीत सहाशे डिग्रीच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेच्या झोताने झटक्यात थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून, त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण असा कायमचा अडकून राहतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटली की एकदम अख्खी दाण्यादाण्यांनी फुटते. वीस वर्षं वापरलेल्या काचेच्या कडेला बारीक टवके असतातच, ती भट्टीतच फुटायची शक्यता जास्त, कोणी जबाबदारी घेत नाही. आणि एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, अर्धा सूत मोठी आली तरी परत दुसरी करायची. म्हणून माप घेणारा माणूस नीट पाहिजे.

आता जाडीचं. ताई, तुमचे मालक खोटं बोलत नाहीयेत पण मुद्दा वेगळा आहे. काच किती जाड आहे यापेक्षा ती फुटते कशी हे बघायचं. साधी काच फुटली की लांब लांब सुऱ्यांसारखे तुकडे होतात आणि फ्रेममध्ये वरचा अर्धा भाग लटकत राहतो, मग तो खाली येतो. पाच एमएमची असेल तर तुकडा उलट जास्त जड. हिशोब करा, काचेचं वजन दर चौरस मीटरला दर एमएमला अडीच किलो. तुमच्या दाराचं एक शटर, म्हणजे सरकणारं एक पान, समजा सात फूट बाय तीन फूट, म्हणजे जवळजवळ दोन चौरस मीटर, पाच एमएमला चोवीस-पंचवीस किलो काच एका शटरमध्ये. वीस वर्षं तडा गेला नाही म्हणजे वीस वर्षं त्यावर कोणी धडकलं नाही, एवढंच.

ओळखायचं असं. टफन काचेच्या एका कोपऱ्यात छोटा शिक्का असतो, दुधी रंगाचा, नखाने खरवडून जात नाही. चांगल्या मालावर आयएसआय मार्क आणि आयएस २५५३ असा नंबर असतो. चारही कोपरे बघा, आतून बाहेरून, खाली रबराच्या कडेला वाकून. शिक्का नसेल तर साधी धरून चाला. टकटक वाजवून ओळखणारे असतात त्यांच्यावर विसंबू नका. अजून एक, पोलराइज्ड गॉगल असेल तर घालून तिरप्या उजेडात बघा, टफन काचेत कधी कधी गडद पट्टे नाहीतर ठिपके दिसतात, पण ते दिसले नाहीत म्हणून साधीच असं म्हणता येत नाही, पक्कं फक्त शिक्क्यावरून.

दोन हजार पाच-सात सालच्या आसपासच्या ठाण्यातल्या बिल्डिंगांमध्ये मी जेवढी दारं उघडली त्यातली बहुतेक साधी काच होती.

पाळणाघर_मानपाडा:

दादा, खूप खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ता टॉर्च घेऊन दोन्ही शटरचे आठही कोपरे बघितले, आतून बाहेरून, रबर बोटाने बाजूला करून. शिक्का नाही. उलट डाव्या शटरचं खालचं रबर वीतभर सुटलेलं आहे आणि तिथे काच हाताने दाबली तर हलते, बहुतेक परवा म्हणूनच एवढी थरथरली.

आणि एक केलं. दार पुसायच्या आधी टेप घेऊन सगळे ठसे मोजले. नाकाचे, ओठांचे, तळव्यांचे. सगळा कारभार जमिनीपासून ४० ते ९५ सेंटीमीटरमध्ये आहे. त्याच्या वर एकही ठसा नाही. दोन_पिल्लांची_आई, तुमचं बरोबर आहे, मी स्टिकर लावले असते तर माझ्या छातीच्या उंचीला लावले असते.

सध्या घरातले रंगीत चार्टपेपर कापून त्या पट्ट्यात चिकटवलेत, आणि सोफ्याच्या उशा खाली रचल्यात. फिल्मबद्दल सांगाल का?

काचवाला_कळवा:

आधी ते रबर. उद्याच बसवून घ्या, छोटं काम आहे, काच गॅसकेटमध्ये, म्हणजे त्या रबरात, सैल असली की साध्या धक्क्यालाही कडेवर मार बसतो आणि काच कडेपासून फुटते. त्याच वेळी शटर दोन्ही हातांनी वर उचलून बघायला सांगा. जुन्या स्लायडिंगमध्ये खालचे रोलर झिजलेले असतात, शटर वरच्या चॅनेलमध्ये इतकं ढिलं होतं की उचललं तर खालच्या ट्रॅकमधून बाहेर येतं. मुलं हँडलला लटकतात. पंचवीस किलो काच अधिक फ्रेम असं अंगावर येणं हे फुटण्याइतकंच वाईट. वरच्या ट्रॅकमध्ये छोटे ब्लॉक बसवले की उचललं जात नाही.

आता फिल्म. सेफ्टी फिल्म म्हणजे पॉलिस्टरची पारदर्शक जाड फिल्म, मागे कडक गोंद. गाडीला किंवा ऑफिसला लावतात ती सन कंट्रोल फिल्म वेगळी, ती पातळ असते, दुकानदार तीच गळ्यात मारतो, सावध राहा. तुम्हाला १०० मायक्रॉन म्हणजे ज्याला ४ मिल म्हणतात ती तरी पाहिजे, २०० मायक्रॉन म्हणजे ८ मिल मिळाली तर उत्तम. आतल्या बाजूने लावायची, साबणाचं पाणी मारून, रबरच्या पट्टीने पाणी बाहेर ओढत. कडेला एक-दीड एमएम सोडून पूर्ण काचेला, मध्येच अर्धी नाही.

आणि हे लक्षात घ्या की फिल्मने काच फुटायची थांबत नाही. फुटली तर तुकडे फिल्मला धरून राहतात, सुटत नाहीत, हात आरपार जायची शक्यता खूप कमी होते. पण अख्खी काच एका तक्त्यासारखी फ्रेममधून निघून पडू शकते, म्हणून फ्रेम आणि रबर घट्ट पाहिजे, जमलं तर फिल्मची कड आणि फ्रेम यांच्यामध्ये सिलिकॉनची भरणी करून घ्यायची. लावल्यावर आत पाण्याचे बुडबुडे धुरकट दिसतात, घाबरू नका, महिनाभर लागतो पूर्ण पकडायला, पावसाळ्यात जास्त. तोपर्यंत घासून पुसायचं नाही.

माझं मत विचाराल तर फिल्म हा आत्ताचा उपाय आहे. पक्का उपाय काच बदलणं. तुमच्या सेक्शनच्या खाचेत पाच एमएम बसते तर पाच एमएम टफन तशीच बसेल, सेक्शन बदलायला नको. कोणी आठ एमएम घ्या म्हणेल, ऐकू नका, एका शटरला चौदा-पंधरा किलो वाढतात, जुने रोलर झेपणार नाहीत, आणि खाच पण पुरणार नाही.

टेकडीवरून_येऊर:

टफनऐवजी जाळीची काच बसवली तर? आमच्या जुन्या ऑफिसच्या जिन्यात होती, आत तारेची जाळी असलेली, फुटली तरी तुकडे पडत नव्हते. आणि दुसरा पर्याय ॲक्रिलिक?

काचवाला_कळवा:

जाळीची काच मुलांच्या जवळ अजिबात नको. ती आगीसाठी असते, तापून तडकली तरी जागेवर राहावी म्हणून. तारेमुळे काच मजबूत होत नाही, उलट साध्या काचेपेक्षा कमी जोरात फुटते, आणि हात आत गेला तर परत ओढताना तार आणि काच दोन्ही लागतात. ॲक्रिलिकला तडा जातो आणि त्याची पण धार असते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण ओरखडे पडतात, दोन वर्षांत धुरकट होतं, मोठ्या मापात वाकतं. खालच्या भागात आतून तात्पुरतं लावायला चालेल.

लॅमिनेटेड मात्र चांगला पर्याय आहे. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा थर, गाडीच्या पुढच्या काचेसारखी. फुटली तरी जागेवर राहते.

खारघरचा_वारा:

लॅमिनेटेडला माझं जोरात अनुमोदन, आणि टफन घेणाऱ्यांसाठी एक अनुभव. आमच्या बाथरूमचं टफन पार्टिशन दुपारी दोन वाजता कोणीही हात न लावता फुटलं. घरात मी एकटा, बाहेर जेवत होतो. फटाक्यासारखा आवाज, जाऊन बघतो तर सगळ्या फरशीवर खडीसाखर पसरल्यासारखे दाणे. नंतर वाचून कळलं की काच बनवताना निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण आत राहिला तर तो वर्षांनंतरही हळूहळू फुगतो आणि टफन काच आपोआप फुटते. कारखान्यात हीट सोक टेस्ट, म्हणजे टफन काच परत काही तास तापवून ठेवायची चाचणी, करून घेतली की अशा बहुतेक काचा तिथेच फुटून बाजूला होतात, ऑर्डर देताना विचारायचं.

दाणे बोथट असतात, मोठी जखम होत नाही, पण पायाला बारीक टोचतात, आणि काही दाणे एकमेकांना चिकटून मोठ्या ढेकळांसारखे पडतात. मुलांच्या घरात टफनवर सेफ्टी फिल्म अशी जोडी मला तरी सगळ्यात बरी वाटते. आणि बाल्कनीचं रेलिंग काचेचं असेल तर तिथे नुसतं टफन नको, फुटलं की समोर काहीच उरत नाही, तिथे लॅमिनेटेडच.

आमच्याकडे मे अखेरीला पहिला वारा सुटला की दारं आपटतात, डोंगराकडून असा झोत येतो की स्टॉपर नसेल तर चौकट हलते. उघडमिट होणारं काचेचं दार कोणाकडे असेल तर वारा हा पण एक धडकणारा माणूसच समजा.

घोडबंदर_आजी:

मी नातवंडं सांभाळते, चार जणं, आणि त्याआधी तीस वर्षं बालवाडीत होते. काचेबद्दल तुम्ही जाणकार मंडळी सांगताय ते मला नवीन आहे, ते करावंच. पण मला मुलांबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात.

दीड-दोन वर्षांचं मूल धावतं तेव्हा त्याचं डोकं पायांच्या पुढे असतं. डोकं जड, पाय आखूड, थांबायचं कसं हे अजून शरीराला आलेलं नसतं, ते कशावर तरी आदळूनच थांबतं, भिंतीवर, आपल्या मांडीवर, सोफ्यावर. म्हणून त्याला सुटायला जी सरळ लांब रेघ मिळते ती कुठे संपते हे बघायचं. बाळा, तू म्हणालीस पॅसेजमधून सुटला. तुझा पॅसेज आणि ते दार एका रेषेत आहेत का? असतील तर ती रेघ मोड. मध्ये खेळण्यांचं बुटकं कपाट तिरपं ठेव, सतरंजी अशी घाल की तिला वळसा घालून जावं लागेल. धावू नका सांगून मुलं थांबत नाहीत. वाट वाकडी केली की आपोआप हळू होतात.

दुसरं म्हणजे त्यांना खाली बघायला जागा हवी असते. आई बाबा येताना दिसायला हवेत. सगळी काच झाकून टाकलीस तर ती अजून धडपडतील. त्यांच्या डोळ्यांएवढी एक मोकळी पट्टी ठेव.

ऐरोलीकर:

आजी, फार छान सांगितलंत. माझं आधीचं टफनचं चुकलं होतं, काचवाले दादा, थँक्यू. दारासमोर दिवाण आडवा टाकला तर? रेघ पण मोडेल आणि काचेपर्यंत कोणी पोचणार नाही.

दोन_पिल्लांची_आई:

नको नको, दिवाण नको! दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला चढता येईल असं काहीही नको. माझी धाकटी दीड वर्षाची असताना दिवाणावरून खिडकीच्या कठड्यावर पोचली होती, ग्रिल होतं म्हणून आज ती आहे. दारासमोर ठेवायचंच तर पाय ठेवायला आडवी पट्टी नसलेलं, उभ्या दांड्यांचं बेबी गेट, काचेपासून दीड-दोन फूट आत, भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं.

आणि बाल्कनीचं दार हवेसाठी उघडं ठेवायचं असेल तर १० सेंटीमीटरच्या आत उघडेल असा स्टॉपर ट्रॅकमध्ये लावा. त्याहून जास्त फट असली की डोकं जातं. बोटं चिरडायची तीच जागा, दार बंद होतं त्या बाजूला जाड रबराची पट्टी लावून घ्या.

पाळणाघर_मानपाडा:

आजी, तुमचं वाचून मी उठून पॅसेजच्या टोकाला जमिनीवर बसले आणि समोर बघितलं. सरळ रेघ. बेडरूमच्या दारापासून काचेपर्यंत मोजून एकवीस फूट, मध्ये काहीच नाही, आणि शेवटी सगळा उजेड त्या दारातूनच येतो. बसून बघितलं तर ते दार दिसतच नाही, नुसतं आभाळ दिसतं. तो धावणारच होता.

सिस्टर_वाशी:

मी नर्स आहे, कॅज्युअल्टीमध्ये बरीच वर्षं काढली. देव करो आणि वेळ न येवो, पण पाळणाघरात हे माहीत हवं म्हणून लिहिते.

काचेच्या दारात हात गेलेली मुलं येतात तेव्हा जखम बहुतेक मनगट नाहीतर हाताच्या पुढच्या भागाला असते, कारण पडताना हातच पुढे जातो, आणि तिथे शिरा, रक्तवाहिन्या, बोटं हलवणारे दोर सगळं कातडीच्या जवळ असतं. जखमेत काच रुतलेली दिसत नसेल तर स्वच्छ कापड घडी करून जखमेवर घट्ट दाबा आणि हात हृदयाच्या वर धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. रक्त भिजून वर आलं तर त्याच्यावरच दुसरं कापड. काच रुतलेली दिसत असेल तर ती ओढून काढायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून दाबायचं आणि तसंच घेऊन जायचं. हळद, कॉफी पावडर काही भरायचं नाही, आम्हाला ते सगळं धुवून काढावं लागतं आणि मूल परत रडतं. १०८ ला फोन.

जखम छोटी दिसली तरी बोटं नीट हलतात का आणि बोटाला स्पर्श कळतो का बघा. एक जरी बोट वाकत नसेल तर हॉस्पिटल. आणि डॉक्टरांना काचेने कापलंय असं स्पष्ट सांगा, आत राहिलेली काच बहुतेक वेळा एक्स-रेमध्ये दिसते पण त्यासाठी तो काढायला हवा.

फुटल्या क्षणी पहिलं काम म्हणजे सगळ्या मुलांना "आहात तिथेच उभे राहा" सांगून एकेकाला उचलून दुसऱ्या खोलीत. सगळी अनवाणी असतात, आणि घाबरली की आपल्याकडेच धावत येतात, काचेवरून. हा सराव खेळ म्हणून करून घ्या, पुतळा-पुतळा खेळतात तसा. नंतर चप्पल घालून मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, ओल्या वर्तमानपत्राने फरशी पुसा आणि शेवटी मळलेल्या कणकेचा गोळा फरशीवर टिपत फिरवा, बारीक कण त्यात येतात. आमच्या आईची पद्धत आहे. खोली अंधारात करून टॉर्च जमिनीला समांतर धरली की राहिलेला कण चमकतो. तो गोळा लगेच कागदात गुंडाळून टाकायचा, आणि कचरेवाल्या दादांना हात कापू नये म्हणून वर "काच" लिहायचं.

कोपरखैरणे_सेक्टर_चौदा:

भाड्याच्या घराबद्दल लिहितो. आम्ही पण भाड्यानेच राहतो आणि बायको तीन मुलं सांभाळते. मालकांना "भीती वाटते" असं सांगू नका, त्यांना कागद दाखवा. काचेच्या वापरासाठी आयएस १६२३१ म्हणून भारतीय मानक आहे, त्याचा भाग ४ फक्त माणूस काचेवर धडकण्यापासूनच्या सुरक्षिततेवर आहे, २०१९ चा, आणि दारं व जमिनीलगतची काच त्यात धोक्याच्या जागा म्हणून धरलेल्या आहेत. आमचे मालक इंजिनिअर होते, तेवढं वाचून तयार झाले. फिल्म लावायला तर बाहेरून काही बदलत नाही, सोसायटीला विचारायची पण गरज पडली नाही. ग्रिल बाहेरून लावायचं असेल तर मात्र सोसायटीची लेखी परवानगी घ्या. आणि ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला.

आणि एक मनातलं. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने मालकावर आहे, पण आपल्या बिल्डिंगांमध्ये घरोघरी चाललेली ही पाळणाघरं, ज्यांच्या जिवावर अर्धं ठाणं आणि अर्धी नवी मुंबई सकाळची लोकल पकडते, त्यांच्याकडे येऊन दार बघणारं कोणी नाही. सगळं त्या बाईच्या लक्षावर. म्हणून असे धागे लागतात.

पाळणाघर_मानपाडा:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पण काम झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

रबर आणि रोलर दुसऱ्याच दिवशी केले. कारागिराने शटर वर उचललं आणि ते खरंच ट्रॅकमधून बाहेर आलं, त्याच्या हातात. मी बघतच राहिले. सहा वर्षं मुलं त्या हँडलला लोंबकळत होती.

मग मालकांना कोपरखैरणेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे सगळं लिहून पाठवलं, त्यात ठशांचा फोटो पण टाकला, कपाळ आणि दोन तळवे. संध्याकाळी त्यांचा स्वतःहून फोन आला, त्यांच्या मिसेसनी फोटो बघितला होता. निम्मे पैसे ते देतायत. दोन्ही शटरला पाच एमएम टफन काच ऑर्डर केली, कारागिराने माप तीनदा घेतलं, आठ दिवसांनी आली. शिक्का खालच्या कोपऱ्यात रबराच्या वर स्पष्ट दिसेल असाच बसवून घेतला, आयएसआय मार्क आहे. वरून २०० मायक्रॉनची फिल्म. अजून दोन ठिकाणी धुरकट आहे, पुसत नाहीये.

४० ते ९५ मध्ये मुलांनीच कापलेली रंगीत पानं आणि मासे चिकटवलेत, आजींनी सांगितलं म्हणून मध्ये हातभर मोकळी पट्टी ठेवली, आणि माझ्या उंचीला एक वेगळी पट्टी लावली कारण कपडे वाळत घालायला जाताना ताई स्वतः एकदा धडकल्या होत्या म्हणे, मला आत्ता सांगितलं. खेळण्यांचं कपाट पॅसेजच्या तोंडाशी तिरपं, भिंतीला स्क्रू करून. पहिले दोन दिवस सगळे त्याला येऊन आपटले, आता वळसा घालतात. पुतळा-पुतळा रोज दुपारच्या झोपेआधी खेळतो, सव्वा वर्षाची पण एक पाय उचलून थांबते.

काल सहा वाजता परत त्याच बाइकचा आवाज आला. तो उठला, कपाटाला वळसा घातला, मोकळ्या पट्टीला नाक लावलं आणि तिथूनच हात हलवत राहिला.

एकच राहिलंय. बेडरूमच्या वॉर्डरोबला पूर्ण उंचीचा आरसा आहे, तिथे मुलं झोपतात, आणि हे दार झाल्यावर मला घरात सगळीकडे काचच दिसायला लागलीय. काचवाले दादा, आरसा काढता येणार नाही, मागून फिल्म लावावी लागेल का पुढून चालेल?

काचवाला_कळवा:

आरसा प्लायला मागून पूर्ण चिकटवलेला असेल तर तुकडे बऱ्यापैकी धरून राहतात, पुढून पारदर्शक फिल्म लावली की पुरे. पण नुसता क्लिपांवर किंवा चार ठिपके गोंदावर उभा असेल तर आधी काढून मागे फिल्म लावून परत बसवायचा. आरशाची कड आणि प्लाय यांच्यामध्ये पातळ पट्टी सरकते का बघा, आरपार गेली तर क्लिपांवर आहे.

पाळणाघर_मानपाडा:

पट्टी सरळ आत गेली दादा, खालपासून वरपर्यंत. क्लिपांवरच आहे. आज त्या खोलीला कुलूप, मुलं हॉलमध्ये झोपतील. रविवारी कारागिराला बोलावलंय.